अक्कम्माला न दिसलेला उजेड

आमच्या ख्रिस्ती मंडळीत एखाद्याला वडील, म्हणजे मंडळीचा पंच, नेमायचे तर तीन गोष्टी पाहतात. त्याचे लग्न एकच झालेले असावे, त्याला तपकिरीपलीकडे व्यसन नसावे, आणि पाळकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवण्याआधी त्याने रविवारच्या उपासनेत उभे राहून आपली साक्ष द्यावी. पहिल्या दोन अटींत मी चोख बसत होतो. लग्न एकच होते आणि ते पुरून उरले होते. तपकीर मी ओढतच नसल्यामुळे दुसऱ्या अटीत तर माझ्याकडे थोडी सवलत शिल्लक होती. अडले ते तिसरीत.

साक्ष म्हणजे प्रभू आपल्याला कधी, कुठे आणि कसा भेटला हे चारचौघांत सांगणे. तारीख असल्यास उत्तम, नसल्यास निदान ऋतू तरी हवा. आधी आपण किती वाईट होतो, मग काय घडले, आणि आता किती बरे आहोत, या क्रमाने सांगायचे. सोलापुरात आमच्या मंडळीची दीडशे माणसे आहेत आणि बहुतेकांना तो कुठे ना कुठे भेटलेला आहे. गिरणीत मजुरांवर जॉबर असलेल्या धोंडीरामला तो भवानी पेठेत शिंदीच्या दुकानाच्या पायरीवर भेटला. तेव्हापासून नऊ वर्षे धोंडीराम शिंदीला शिवलेला नाही, आणि नऊ वर्षे दर नाताळात तो ती पायरी आम्हाला सांगतो.

मला तो कुठेच भेटला नव्हता. म्हणजे ओळख होती, पण ती जन्मापासूनची. आई ख्रिस्ती, बाप ख्रिस्ती. बाविसाव्या दिवशी माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी झोपलो होतो, असे आई सांगे. मिशनच्या शाळेत शिकलो, मिशनने पुण्याला धाडले म्हणून बी. ए. झालो, परत येऊन मिशनच्याच शाळेत मास्तर झालो. धड पाप करायला सवड मिळाली नाही, त्यामुळे धड पश्चात्तापही करता आला नाही. घरातल्या माणसाविषयी 'अमुक दिवशी त्याची माझी भेट झाली' असे कोणी सांगते का? आणि ते माणूस खरोखर घरात आहे, की आपण नुसतेच त्याचे नाव घेऊन हाका मारत आलो, हे सेहेचाळिसाव्या वर्षी कोणी पाहायला जाते का?

भांबळ पाळकांनी मला पंधरा दिवस दिले. "मास्तर, आपण विश्वासात आहोत की नाही हे ज्याचे त्याने तपासावे, असे बायबलात प्रेषिताने करिंथच्या मंडळीला कळवले आहे," ते म्हणाले. "अंतःकरणात शोधा. सापडेल."

चष्मा हरवलेल्या माणसाला सांगावे तसे त्यांनी ते सांगितले.

"अहो, एवढं काय त्यात?" विजयमाला म्हणाली. ही माझी पत्नी. मुलींच्या शाळेत शिवण शिकवते आणि कुठल्याही अडचणीला दोन टाके घालून मोकळी होते. "सगळ्या मंडळीच्या साक्षी तुम्ही लिहिल्यात. आता आपली एक लिहा."

"काय लिहू? काही घडलंच नाही."

"त्यांचं तरी काय घडलं होतं?"

दुखणे नेमके तिथे होते. आमच्या लोकांपैकी पुष्कळांना लिहिता येत नाही. मिशनच्या साहेबांना मात्र दरवर्षी अमेरिकेला अहवाल धाडावा लागतो, आणि त्यात चारदोन साक्षी लागतात. अठरा वर्षे झाली, साक्ष द्यायची असली की माणूस माझ्या ओट्यावर येऊन बसतो.

"लिवा की मास्तर कायतरी."

"काय झालं ते सांग."

"व्हायचं काय? पोरगं आजारी व्हतं. बरं झालं."

एवढ्यावर अमेरिका समाधान पावत नाही. मग मी विचारून विचारून काढी. छातीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटले का? डोळ्यांतून पाणी आले का? माणूस मान हलवी, मी लिहून घेई. कोणाला ओझे दिले, कोणाला अश्रू दिले, कोणाला पहाटेचे स्वप्न दिले. दोघांना एकच गोष्ट एका साली जाऊ नये याची काळजी घेतली. शिंदीच्या दुकानाच्या पायरीवर पडून दात पडला, एवढे धोंडीरामचे. त्या पायरीवर कोणीतरी शेजारी बसलेले जाणवले, हे माझे.

आणि म्हणून मला माझी साक्ष लिहिता येईना. कागद पुढे घेतला की पहिल्याच ओळीला कारागिरी दिसू लागे. हलवायाला जिलबी गोड लागत नाही म्हणतात, त्यातला प्रकार.

तरी पंधरा दिवसांतले पहिले आठ मी इमानाने शोधात घालवले. विश्वास असला तर त्याला फळ येते, असे मीच सातवीच्या वर्गाला शिकवतो, म्हणून आधी पहिले फळ, म्हणजे प्रीती, पाहिली. मार्च महिना, नळाला पाणी तासभर. मी घागरी घेऊन गेलो आणि रांगेतल्या सहा बायकांना पुढे जाऊ दिले. सातव्या बाईला जाऊ देताना माझ्या लक्षात आले, की कोणी पाहत आहे का हे मी पाहत आहे. तेवढ्यात नळ गेला. रिकाम्या घागरी घेऊन घरी आलो तेव्हा विजयमाला म्हणाली, "तुमच्या प्रीतीत आज डाळ शिजायची नाही."

मग प्रार्थना पाहिली. गुडघे टेकले, डोळे मिटले, मन रिकामे केले. रिकाम्या मनात गिरणीचा भोंगा शिरला, आणि आज तो चार मिनिटे उशिरा वाजला असे मला वाटले. मग अश्रू पाहिले. रविवारी वधस्तंभाच्या गीताला तिसऱ्या कडव्यावर मला भरून येते, हे खरे. पण गेल्या साली थिएटरात एका नाटकात नायिकेचे मूल हरवले तेव्हाही असेच भरून आले होते, आणि दोन्ही ठिकाणी पेटी त्याच सुरावर थांबली होती. पुरावा पेटीचा निघाला.

नवव्या दिवशी मला अक्कम्मा आठवली.

अक्कम्मा अक्कलकोटकडची. गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होती, पुढे वीस वर्षे आमच्या उपासनामंदिराची झाडलोट करीत असे. मी लिहिलेल्या साक्षींत तिची सर्वांत नावाजलेली. 'त्या घटकेस माझ्या अंतःकरणाच्या गाभाऱ्यात एकाएकी उजेड पडला आणि कोपरा न कोपरा दिसू लागला.' अमेरिकेहून त्या वाक्याबद्दल पत्र आले होते. आणि माझी पक्की समजूत अशी, की हा उजेड माझा नव्हे. इतर ठिकाणी मी भर घातली असेल, पण अक्कम्माने स्वतःच्या तोंडाने उजेड म्हटले होते. मंडळीत एक तरी खरी साक्ष होती. अक्कम्मा महिनाभर मिशनच्या दवाखान्यात पडून होती, आणि ती उठणार नाही हे तिच्यासह सर्वांना ठाऊक होते. म्हटले, जाऊन विचारावे. निदान वस्तू दिसते कशी ते तरी कळेल.

दुपारी शाळा सुटल्यावर गेलो. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. मला पाहून उठायची धडपड करू लागली.

"नीज, नीज. तुझी साक्ष ऐकायला आलोय."

तिने डोळे मिटले आणि म्हणायला सुरुवात केली. "त्या घटकेस माझ्या अंतःकरणाच्या गाभाऱ्यात..." एक अक्षर चुकले नाही. जन्मभर कुटं-हितं बोललेल्या त्या तोंडातून माझे 'घटकेस' आणि 'एकाएकी' बाहेर पडत होते. शाळा तपासायला इन्स्पेक्टर आला की वर्ग कविता म्हणतो, तसे.

"पुस्तकातलं नको. उजेड खरा कसा होता ते सांग."

तिने डोळे उघडले. मग म्हणाली, "तुमीच लिवलाय की."

"तू सांगितलास म्हणून लिहिला."

"मी म्हनलं व्हतं, लई बरं वाटलं. तुमी इचारलं, बरं म्हंजी कसं? अंधारात दिवा लावल्यावानी का? मी म्हनलं, व्हय, तसंच म्हना."

मला ते आठवले. ओटा आठवला, दौत आठवली, आणि 'दिवा' खोडून 'उजेड' लिहिल्याचे समाधानही आठवले.

"पंधरा वर्सं वाट बघतीया मी," अक्कम्मा म्हणाली. "समदी म्हनायची, अक्कम्माला उजेड दिसला. म्हनलं, लोकं म्हनत्यात तर पडंल कदी तरी. झाडताना बघायची. खिडकीतनं ऊन यायचं तेवढंच." तिने माझी बाही धरली. "मास्तर, गिरणीत दुसऱ्याचा बिल्ला घिऊन गेलं तर फाटकावरनं हाकलत्यात. मी बघितलंया. तितं दारात मला इचारलं, ह्यो बिल्ला कुनाचा गं, तर काय सांगू? मास्तरांचा म्हनू?"

बी. ए.च्या अभ्यासक्रमात हे नव्हते.

"तुमी तर शिकल्याली मानसं. तुमाला दिसला असंल. कसा असतो तेवढं सांगा, म्हंजी आला तर वळखीन तरी."

इथे एक वाक्य पुरले असते. तसली वाक्ये मी अठरा वर्षे पाडली आहेत, आणि ते ऐकून ती सुखाने गेली असती. मी तोंड उघडलेही.

"मला नाही दिसला, अक्कम्मा."

"कदीच?"

"कधीच नाही."

"मंग तुमी कशापाई ऱ्हायला हितं?"

"जाणार कुठे?"

"व्हय की," ती म्हणाली. "माजं बी तसंच." आणि तिला हसू आले, मग खोकला आला, मग नर्स आली आणि माझ्याकडे रागाने पाहून गेली.

खोकला थांबल्यावर अक्कम्मा म्हणाली, "दुसरी लिवा. खरी. माज्या मातीच्या दिवशी ती पयली वाचाया देऊ नका. ही वाचा."

माझ्याजवळ तपासायला आणलेले सातवीचे निबंध होते. एकाची मागची बाजू कोरी होती. त्यावर लाल पेन्सिलीने, ती सांगेल तसे, मी लिहू लागलो. एका ठिकाणी 'देवाच्या कृपेने' असे माझ्या हातून आपोआप उतरले. तिला वाचता येत नव्हते, तरी मी ते खोडले. अठरा वर्षांत काही कमी करण्याची ती पहिलीच वेळ.

लिहून झाल्यावर तिने खाली एक वाकडी फुली काढली. "आता ह्यो बिल्ला माजा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "चालंल का वो त्याला?"

"मला माहीत नाही."

"तुमी वाचाल न्हवं?"

"वाचीन."

ती गुरुवारी सकाळी गेली. दुपारी मी कागद घेऊन भांबळ पाळकांकडे गेलो. माणूस मनाचा चांगला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

"मास्तर, यात शेवट नाही."

"तिने एवढंच सांगितलं."

"आजारी माणूस ग्लानीत काही बोलतं. मंडळीत नवे लोक येतात. पंधरा वर्षं आपण सगळ्यांना अक्कम्माचा दाखला देतो, त्यांनी आता काय समजावं?" त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. "आणि येत्या रविवारी तुमची साक्ष आहे. अशा वेळी मन स्थिर ठेवावं."

ही धमकी नव्हती. त्यांना माझी काळजी वाटत होती, आणि काळजीवर तोड नसते.

चार वाजता मंदिर भरले. शवपेटी पुढे ठेवली होती, लहानशीच. पाळकांनी जुना अहवाल उघडून वाचायला सुरुवात केली, आणि 'त्या घटकेस' म्हणताच बायकांनी पदर डोळ्यांना लावले. धोंडीरामचे ओठ पाळकांबरोबर हलत होते. 'गाभाऱ्यात' या शब्दाला माझ्याही डोळ्यांत पाणी आले. ते अक्कम्मासाठी होते की वाक्य खरेच बरे जमले होते म्हणून, हे मी तिथेच तपासू लागलो. तपासण्याची खोड वाईट. तिला स्थळकाळ कळत नाही.

विजयमालाने कोपर मारले. "कागद?"

"पाळक नको म्हणाले."

"तुम्ही तिला काय म्हणाला होतात?"

मी उभा राहिलो. विश्वासाने राहिलो असे म्हणवत नाही. मेलेल्या बाईची भीती वाटली, आणि कोपर दुसऱ्यांदा येत होते. पाळक थांबले. मी निबंधाचा कागद उघडला आणि वाचला.

'माजं नाव अक्कम्मा. नवरा पटकीनं मेला, पाठोपाठ पोरगी मेली. मी बी मरनार व्हते, पर मिशनच्या दवाखान्यात भात मिळाला. मडमनं माजे पाय धुतले. मला लई वंगाळ वाटलं. त्या म्हनल्या, येशूनं बी चेल्यांचे धुतले व्हते. मी म्हनलं, मंग मानूस बरा दिसतोय. देवळात झाडाया लागले. गाणी आवडली. उजेड न्हाई दिसला. सपान न्हाई पडलं. राग पयल्यासारकाच येतो. पोरगीची आटवन आली की मी झाडता झाडता त्याला शिव्या देते. दुसऱ्या कुनाला देत न्हाई. ऐकत नसता तर कशाला वाया घालवल्या असत्या? मंग ऱ्हायलेलं झाडते. एवढंच हाय.'

कोणी रडले नाही. 'शिव्या'पाशी मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसले. पाळकांनी घाईने गीताचा आकडा सांगितला, तो चुकला आणि आम्ही अक्कम्माला कापणीच्या आभाराचे गीत म्हणून निरोप दिला.

माती देऊन परतताना दिवेलागण झाली होती. विजयमाला बायकांबरोबर पुढे गेली. धोंडीराम माझ्याबरोबर चालू लागला.

"मास्तर, राग मानू नका, पर तुमचं लिवनं आता पयल्यासारकं ऱ्हायलं न्हाई."

"ते माझं नव्हतं. अक्कम्माचं होतं."

"त्येच म्हनतोय मी." दहावीस पावलांवर तो थांबला. "म्हंजी पयलं तुमचं व्हतं?"

मी चालत राहिलो. भवानी पेठेत शिरलो होतो. शिंदीच्या दुकानात कंदील लागला होता आणि आंबूस वास रस्त्यापर्यंत येत होता. नऊ वर्षे या रस्त्याने जाताना धोंडीराम त्या पायरीकडे पाहून कपाळाला हात लावी. आज तो तिच्यासमोर उभाच राहिला.

"हितं माजा दात पडला," तो म्हणाला. "त्ये मला याद हाय. बाजूला कोनतरी बसलं व्हतं, त्ये बी याद हाय. पर त्ये मला याद हाय, का तुमी लिवलंय म्हनून याद हाय?"

"धोंडीराम, मी तिथं नव्हतो."

"मी तरी नीट कुटं व्हतो?" तो म्हणाला. "मंग सांगनार कोन?"

त्याचा आवाज बदलला होता. त्या एका वाक्यावर हा माणूस नऊ वर्षे कोरडा राहिला होता, बायकोला मारायचा थांबला होता, आणि ते वाक्य मी एका रविवारी दुपारी, जेवणाची हाक येईतो, लिहून टाकले होते. आता दोन-अडीच तासांपूर्वी खरेपणा करून मी ते त्याच्या हातातून काढून घेतले होते. ते परत कसे द्यायचे मला ठाऊक नव्हते. 'होता, तो होता' म्हणावे तर ती आणखी एक बनावट झाली असती. 'नव्हता' म्हणावे तर तेही मला कुठे माहीत होते?

तो पायरीवर बसला. आतून कोणीतरी हाक मारली, "या जॉबर, लई दिसांनी!" तो आत वळला नाही, पण उठलाही नाही. त्याला तिथे एकटे सोडून जाण्याचे धैर्य मला झाले नाही आणि त्याला उठवण्याजोगा एक शब्दही माझ्याजवळ नव्हता. म्हणून मीही त्याच्या शेजारी बसलो. पायरी दिवसभराच्या उन्हाने अजून गरम होती.

"काय तरी बोला की मास्तर."

"काही सुचत नाही."

"बरं," धोंडीराम म्हणाला. "बसा तसंच."

किती वेळ बसलो कोण जाणे. रात्रपाळीचा भोंगा झाला तेव्हा तो उठला, धोतर झटकले आणि गिरणीच्या वाटेने गेला. दुकानात गेला नाही. का गेला नाही हे त्याने सांगितले नाही. मी विचारलेही नाही. मी विचारले असते तर अर्धे उत्तर माझेच आले असते.

शनिवारी पाळकांची चिठ्ठी आली. माझी साक्ष तूर्त पुढे ढकलली होती. अक्कम्माच्या मातीच्या वेळचा प्रकार कारण म्हणून नमूद होता. त्याखाली, वेगळ्या शाईत, आणखी एक ओळ होती : गुरुवारी संध्याकाळी आपण भवानी पेठेत शिंदीच्या दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसलेले मंडळीतल्या तिघांनी पाहिले, याचाही खुलासा व्हावा.

विजयमालाने चिठ्ठी वाचली आणि शिवणाचे मशीन थांबवले.

"म्हणजे आता दुसरी अटही गेली," ती म्हणाली. "उरलं काय?"

"लग्न एकच आहे," मी म्हटले.

"तेवढं सांभाळा," ती म्हणाली, आणि घागरी माझ्या हातात दिल्या. नळाला पाणी आले होते.